आईनं ठेवलेलं नाव

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिचा मुलगा म्हणाला, "काकू, आई सकाळी गेली. झोपेतच." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग उरलेली जुडी निवडली, धुतली, चिरून फोडणीलाही टाकली. ह्यांनी विचारलं, "कोणाचा गं फोन?" तेव्हा कुठे सांगितलं. महिना उलटला तरी रडू आलं नव्हतं. लोक म्हणायचे, मन मोकळं कर. अहो, मोकळं करायला आधी भरून तर यायला हवं... इथे नुसता बधिरपणा होता, दात काढल्यावर गालाला असतो तसा.

आम्ही कसब्यातल्या एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. मी लग्न होऊन बिबवेवाडीत आले, कमलची अनुराधा झाले, आणि सगळ्यांनी ते मुकाट मान्य केलं. माझ्यासकट. शैलानं मात्र नाही. "बारशाला आईनं घुगऱ्या वाटून ठेवलेलं नाव, तांदळात दुसरं लिहिलं म्हणून पुसलं जातं होय?" शेवटपर्यंत मी तिची कमलच राहिले. तिची नोकरी सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीवर. तिथे तिचा एक खाक्या होता, नाव पेशंटनंच सांगायचं. सोबतचा बोलू लागला की आतून आवाज यायचा, "अहो, दुखतंय तुम्हाला का? नाही ना? मग तिला बोलू द्या." लोक चिडायचे, वरिष्ठांकडे तक्रारी करायचे. ही ढिम्म.

तिचा नवरा गेल्यावरही मी तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हट्टानं बोलवायचे, कुंकू लावायचे. यायची, पण बसायची स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, मसाला दूध आटवत. म्हणायची, "बाहेर बसून साड्यांचं कौतुक करण्यापेक्षा हे परवडलं." एका वर्षी आमच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते. एक बाई, तिचा मुलगा आणि नवी सून, असं आम्हाला सांगितलेलं. सुनेचं कधी नखही दिसायचं नाही. म्हणून मी मुद्दाम दारात जाऊन "सुनेला आणायचंच हं" असं बजावून आले. आणली. विशीही न गाठलेली पोर, साडीत गुंडाळल्यासारखी. आम्ही विचारायचो तिला, उत्तर द्यायची सासू. माहेर कुठलं, तर सासू. शिकली किती, तर सासूच. उखाण्याचा आग्रह झाला, तेव्हा नवऱ्याचं नाव घेण्याआधी पोरीनं सासूकडे पाहिलं. "लाजली गं बाई!" म्हणून हशा पिकला. मग सासूनं हाक मारली, "सायली, ऊठ." ती उठलीच नाही. पुन्हा हाक मारली तर दचकून इकडेतिकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "लग्नात नाव बदललंय ना, अंगवळणी पडायला वेळ लागतो." सगळ्याजणींनी माना डोलावल्या. आम्ही सगळ्याच नाव बदललेल्या, आम्हाला त्यात वावगं काय दिसणार!

शैला स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "अनुराधाबाई," ती गोड आवाजात म्हणाली, "दुधाचे पेले न्यायला त्या पोरीला आत पाठवता का?" शैलानं मला अनुराधा म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. सासू लगबगीनं उठायला लागली. मी खण-नारळ घेऊन तिच्यासमोर उभी राहिले, "अहो बसा, तुमची ओटी भरायचीय." भरल्या ओटीवरून उठून कोण जातं? बसली बापडी.

आत काय झालं ते शैलानं नंतर सांगितलं. तिनं एवढंच विचारलं होतं, "आईनं ठेवलेलं नाव काय गं तुझं?" पोर पुटपुटली, "दुर्गा." आणि मग म्हणाली, "बाई, हे कोन्तं गाव हाय?"... विदर्भातल्या आडगावातून तिला हडपसरला पॅकिंगच्या कामाला लावतो म्हणून आणलं होतं. फोन आणि आधार कार्ड त्या बाईच्या पर्समध्ये. लग्नबिग्न काही झालेलंच नव्हतं. सून म्हटलं की शेजारी प्रश्न विचारत नाहीत, म्हणून सून. पुढच्या आठवड्यात आपल्याला परराज्यात एका माणसाला विकायचं ठरलंय, हे तिनं चोरून ऐकलं होतं. "मले घरी जाचं हाय," एवढंच ती म्हणत राहिली. शैलानं तिचे डोळे पुसले, हातात ट्रे दिला. "बाहेर काही बोलू नकोस. मी बघते." आणि गॅलरीत जाऊन हेल्पलाइनला फोन लावला.

बायका पांगल्यावर हे कळलं, तशी मी त्या बाईच्या झिंज्या धरायलाच निघाले होते. शैलानं मनगट पकडलं. "वेडी आहेस का, कमल? कुणकुण लागली तर पोरीला रातोरात हलवतील. मग कुठे शोधायची? दार वाजवायचं ते पोलिसांनी. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे मला. आज भिजव." भिजवला. ह्यांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या वेशातले पोलीस आले, सोबत एक महिला अधिकारी. मी आमच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. थोड्या वेळानं दुर्गा बाहेर आली. अनवाणी होती, तर शैलानं आपल्या चपला तिच्या पायात सरकवल्या. शैला जिन्यातच उभी होती, तिला कोण अडवणार!

दुर्गा गावी गेली नाही. तिला त्या बाईच्या हवाली करणारा तिचा सख्खा मामाच निघाला. ती मुलींच्या संस्थेत राहिली, तिथून नर्सिंग शिकली. शैला सवड काढून तिला भेटायला जायची. मी विचारायचे, काय बोलता गं दोघी? "काही नाही, नावानं हाक मारून येते."

गेल्या आठवड्यात बेल वाजली, तर दारात दुर्गा. आत आली आणि सरळ स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलावर बसली. महिनाभर मी त्या स्टुलाला वळसा घालून वावरत होते. मी दूध तापत ठेवलं. ती म्हणाली, "शैलाबाई मले सांगून गेल्या. म्हणाल्या, माझ्यामागं तिचं आईनं ठेवलेलं नाव घेनारं कोनी उरनार नाही. तू घेत जा." मग जरा थांबून, चाचरत म्हणाली, "कमलमावशी..."

मी ओ दिली. दूध उतू जात होतं आणि मला गॅसचं बटण सापडेना, डोळ्यांत एवढं पाणी आलं होतं.