शेंड्याचं पान

माझी पहिली कादंबरी खुनाची. ती लिहिली तेव्हा मी जळगावात मास्तर होतो, आणि खून तर सोडाच, साधी मारामारीही कधी जवळून पाहिली नव्हती. तरी पहिल्या खर्ड्यात मी मुंबईच्या एका बंगल्यात, पियानोशेजारी, एका बॅरिस्टराला सरबताच्या पेल्यातून विष पाजून मोकळा झालो. मुंबईत मी उभ्या जन्मात दोनच दिवस राहिलो होतो, तेही आजारी मामाच्या उशाशी. पियानो तर फक्त चित्रात पाहिलेला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शिंदखेड्याची शेती थोरल्या भावावर सोपवून माझे वडील, आबा, तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते. रोज सकाळी ओळीवर बोट ठेवून पोथी वाचायचे. मी काय लिहितो ते कळल्यावर त्यांनी पोथी मिटली.

"मास्तरनी पोरेसले चांगलं शिकाडानं, का जहरन्या गोष्टी लिखान्या?"

मला राग आला. आमच्या घराण्यात राग आला की माणूस पैज मारतो. मी म्हणालो, "ही छापली गेली नाही, तर पुन्हा लेखणी धरणार नाही." आबा म्हणाले, बरं. वर हेही म्हणाले, की छापली गेली तरी ते तिला शिवणार नाहीत. झालं! बोलून बसलो आणि रात्रंदिवस तेच डोक्यात. लिहिणं सुटलं तर आपल्यात मास्तरकीशिवाय उरतं काय?

बाड घेऊन मी धुळ्याला एका छापखान्याच्या मालकांकडे गेलो. त्यांनी आठवड्यानं परत बोलावलं. चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, तुमचा बॅरिस्टर मेला त्याचं मला काहीच वाटलं नाही. तो जिवंत आहे असंच कुठं वाटलं होतं? आपल्या मुलखातला माणूस मारा, मी छापतो." लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. त्यांच्याकडे एकाच पुस्तकापुरता साठा होता. चंपाषष्ठीनंतरच्या शुक्रवारपर्यंत पुरी प्रत आली तर माझी कादंबरी, नाहीतर त्या कागदावर उजळणीची पुस्तकं.

मी घरी येऊन झपाट्यानं कामाला लागलो. बंगल्याचा मळा केला. बॅरिस्टराचा गावचा मानकरी म्हातारा केला. पियानो काढून मोट ठेवली. सरबताच्या जागी वांग्याचं भरीत आणलं, आणि म्हाताऱ्याच्या दिवाणजीनं त्यात विष कालवलं. लिहिताना वाटत होतं, आता कसं सगळं आपलं झालं!

शुक्रवार पाच दिवसांवर असताना असोद्याला माझ्या बहिणीच्या, अक्काच्या मळ्यात भरीत होतं. चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते चंपाषष्ठीला सुटतं, आणि मग आमच्याकडे मळ्यामळ्यांतून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायला लागतात. मी बाड बगलेत मारून गेलो. खरं सांगायचं तर मिरवायला. दुपारची वेळ. आबा लिंबाखाली बसलेले, मेव्हणे जाळ सारत होते, अक्का बडगीत, म्हणजे लाकडाच्या मोठ्या कुंड्यात, सोललेली वांगी बडवत होती. शेजारच्या मळ्यातली चार माणसंही होती. मी शेवटचं प्रकरण अगदी आवाज चढवून वाचलं. पंगत बसते, म्हातारा पहिला घास घेतो आणि कोसळतो.

अक्काचा हात थांबला. असोद्याला नांदून वीस वर्षं झाली तरी माझ्याशी ती माहेरच्याच बोलीत बोलायची.

"भाऊ, बठ्ठासनी एकच बडगीमातलं भरीत खादं. मंग हाऊ एकलाच कसा मरना?"

मग शेजारचा एक जण फिसकन् हसला आणि मग सगळा मळा हसला. मेव्हण्यांना तर ठसका लागला. अक्षर न ओळखणाऱ्या बाईनं दोनशे पानांचा डोलारा एका प्रश्नानं खाली आणला होता. पेला ज्याचा त्याचा असतो, बडगी सगळ्यांची असते. मी बंगला उचलून मळ्यात आणला, पण खून मुंबईचाच ठेवला होता. जन्मभर बडगीतलं भरीत खाऊन हे मला सुचू नये! आबा हसले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. बाड जाळात टाकावं म्हणून मी उठलो, तर अक्कानं ते हातातून ओढून घेतलं, त्यावर चक्क बसली आणि म्हणाली, "पहिले जेव."

मेव्हण्यांनी केळीची पानं कापून आणली होती. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसून ते मांडत होते. मी मान खाली घालून बघत होतो. शेंड्याचं निमुळतं पान त्यांनी कुणाला न विचारता आबांसमोर ठेवलं. मानाचं पान ते, पंगतीतल्या वडीलधाऱ्याचंच. कुणी तसं सांगत नाही आणि कुणी चुकतही नाही. मी ते पान पाहिलं, मग मेव्हण्यांच्या हातातलं फडकं पाहिलं, आणि पंगतीत बसायचंच विसरलो.

भरीत सगळ्यांचं, पान ज्याचं त्याचं!

हे मी कुणालाच सांगितलं नाही, अक्कालाही नाही. बाड तिच्याखालून कसंबसं सोडवलं आणि घर गाठलं. दिवाणजीला निर्दोष सोडलं. पहिल्या प्रकरणापासून म्हाताऱ्याचा एक गरीब पुतण्या उगाच सज्जनासारखा वावरत होता, त्याच्या हाती शेंड्याचं पान पुसायला विषात भिजवलेलं फडकं दिलं. शेवटची दोन प्रकरणं नव्यानं लिहिली. शाळेत चार दिवस पोरांना फक्त शुद्धलेखन घातलं, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. शुक्रवारी सकाळी प्रत धुळ्याला पोचती केली.

हल्ली नवे लिहिणारे भेटायला येतात, युक्ती विचारतात. मी म्हणतो, आधी कळस मग पाया हे बाकी कामांत वेड्याचं लक्षण, पण खुनाच्या कादंबरीत शेवट आधी ठरवा. दुसरं, लिहिलेलं अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याचे हात कामात आहेत. तो तुमच्या भाषेला भुलत नाही. त्याचा हात थांबला की समजा, एक तर तुम्ही जिंकलात किंवा तुमचं कुठंतरी चुकलंय. आणि फजिती झाली तर जेवून घ्या. उपाशीपोटी बाडं जाळू नयेत.

पुस्तक निघालं. एक प्रत मी आबांच्या पोथीशेजारी ठेवली. पैजेप्रमाणे त्यांनी तिला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. धूळ बसायची, मी पुसायचो. मला वाईट वाटायचं, पण बोलणार काय? तेही बोललेच होते आणि मीही.

पुढच्या वर्षी पुन्हा अक्काच्या मळ्यात भरीत झालं. अक्काला वाचता येत नव्हतं आणि मेव्हण्यांना वाचायचा कंटाळा, त्यामुळे खून कसा झाला ते त्या मळ्यात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मेव्हण्यांनी पानं पुसली आणि शेंड्याचं पान रीतीप्रमाणे आबांपुढे ठेवलं. आबांनी पानाकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं. मग तांब्या ओढून ते पान स्वतः धुतलं, उलटं करून धुतलं, धोतराच्या सोग्यानं कोरडं केलं आणि खाली ठेवलं.

मेव्हणे बुचकळ्यात पडले. माझे डोळे भरून आले, आणि त्याचा दोष मी मिरचीवर ढकलला.

आबांनी भाकरी मोडली. माझ्याकडे न बघता, पेरणी कधी असं विचारावं तसं विचारलं, "दुसरी कवय लिखशी?"