शेजारच्या सीटवरचा आवाज

कोळशाची मालगाडी चिरगाँव स्टेशनच्या अलीकडचा लाल सिग्नल पुन्हा ओलांडून गेली. टेस्टिंगला बसलेल्या कॉलेजच्या मुलीने कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. आमचे बॉस सक्सेनाजी माझ्याकडे वळले.

"मॅडम, ये गेम है या सज़ा?"

झाशीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत रेल्वे चालवण्याचा गेम बनत होता. मी फिजिक्स प्रोग्रॅमर. गेममधल्या वस्तूंना वजन द्यायचं, त्या कशा पडतील, कशा थांबतील हे ठरवायचं, हे माझं काम. मालगाडीचा ब्रेक हवेवर चालतो. ड्रायव्हरने तो लावला की नळीतला दाब कमी होऊ लागतो आणि त्याची खबर एकेका डब्यातून शेवटपर्यंत पोचते. भरलेली गाडी किलोमीटरभर पुढे जाऊन मग थांबते. मी अगदी तसंच लिहिलं होतं.

माझे पती अनंत मालगाडीचे लोको पायलट होते, म्हणजे लोक ज्याला ड्रायव्हर म्हणतात ते. आदल्या उन्हाळ्यात हृदयविकाराने ते गेले. त्यानंतर ब्रेकचा सगळा कोड मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. गाडी त्यांच्या हातात जशी थांबत असेल तशीच माझ्या स्क्रीनवर थांबावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही करण्यात तेव्हा मन लागत नव्हतं.

"सर, गाडी अशीच थांबते," मी म्हणाले.

"थांबत असेल. पण खेळणारा थांबत नाही ना, तो गेम बंद करून निघून जातो!"

तेवढ्यात तरुण नावाचा आमचा गेम डिझायनर माझ्या कॉम्प्युटरपाशी आला. खेळणाऱ्याने कधी काय करायचं, हे ठरवणारा तो. "दीदी, बुरा मत मानना," म्हणाला आणि त्याने माझ्या कोडमधला एकच आकडा बदलला. गाडी ऑटोरिक्षासारखी जागच्या जागी थांबली. त्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

माझ्या पोटात दुखलं. हे मी साध्या शब्दांत लिहिते, कारण त्याला दुसरा चांगला शब्द नाही. माझ्या कित्येक महिन्यांच्या कामाला त्या खोलीत कुणी टाळी वाजवली नव्हती.

शुक्रवारी क्लायंटचा कॉल होता. त्यात एकच ब्रेक ठरायचा होता, माझा किंवा तरुणचा. सक्सेनाजींनी मनातून ठरवलेलं दिसत होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला तो घालता येत नाही.

बुधवारी तरुण स्वतःहून म्हणाला, "दीदी, तुमचा ब्रेक परत लावलाय. जरा बसून बघा."

मी बसले. गाडी निघाली. दूर एक सिग्नल दिसला आणि हेडफोनमध्ये शेजारून आवाज आला, "डबल यलो!" आवाज तरुणचाच होता, बुंदेली हेल काढलेला. स्क्रीनवर एक बटण चमकलं. ते दाबलं की माझा ड्रायव्हर उत्तर देत होता, "डबल यलो." दोन पिवळे दिवे म्हणजे पुढे गाडी थांबवायची वेळ येऊ शकते, आतापासून तयारी करा. मी ब्रेक लावला. पुढच्या सिग्नलला "यलो!" आणि पुन्हा उत्तर. गाडी हळूहळू मंद होत गेली आणि लाल दिव्याच्या अलीकडे थांबली.

तीच कॉलेजची मुलगी माझ्यानंतर बसली. मधला सगळा वेळ ती श्वास रोखून होती. गाडी थांबल्यावर ती खुर्चीतून उठून ओरडली. ब्रेक माझाच होता, एक आकडाही बदललेला नव्हता. शाबासकी मात्र तिने तरुणला दिली.

"हे तुला कुठे मिळालं?" मी विचारलं.

"भैयांनी सांगितलं होतं."

"कोणते भैया?"

"अपने अनंत भैया, और कौन! ते तुम्हाला घ्यायला यायचे ना, तुम्ही मीटिंगमध्ये असला की माझ्यापाशी बसायचे. एकदा गेम बघून म्हणाले, 'अकेले चला रहे हो? तुम्हारा साथी कहाँ है?' खऱ्या इंजिनात दोघं असतात. असिस्टंट सिग्नल ओरडतो, ड्रायव्हर तोच परत म्हणतो. म्हणाले, आता सवयच झालीये, फाटकाशी स्कूटर थांबवली तरी तोंडातून निघतं, 'लाल.' आणि तुम्ही मागून म्हणता, 'दिसतंय मला.'"

तरुण हसला. मी हसले नाही. त्या 'लाल'चा अर्थ त्यांनी मला कधी सांगितला नव्हता. माझ्या नवऱ्याची एक सवय या मुलाकडे होती आणि माझ्याकडे नव्हती. टाळ्यांपेक्षा हे जास्त लागलं.

शुक्रवारी क्लायंटने माझा ब्रेक आणि तरुणचा आवाज, दोन्ही पाहिलं. ब्रेक त्यांना पसंत पडला. मग तिकडच्या बाई म्हणाल्या, "आवाज राहू द्या, पण ते उत्तराचं बटण काढून टाका. खेळणाऱ्याला नुसतं ऐकू दे."

तरुण लगेच म्हणाला, "हो, चालेल."

सक्सेनाजींनी मला विचारलं, "मॅडम, निकाला जा सकता है?"

काढता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. बटण गेलं असतं तर तरुणचं निम्मं काम गेलं असतं आणि माझा ब्रेक पूर्ण राहिला असता. हा हिशोब मी त्या खुर्चीत बसून मनात केला.

"निघेल," मी म्हणाले. "पण काढू नका. उत्तर आलं नाही म्हणजे शेजारचा माणूस समोर बघत नाहीये. तो झोपलाय, किंवा त्याला काही झालंय. हे कळावं म्हणूनच उत्तर द्यायचं असतं."

 

"मग उत्तर नाही दिलं तर गेममध्ये काय होईल?" बाईंनी विचारलं.

"असिस्टंट स्वतः इमर्जन्सी ब्रेक ओढेल. तेवढा कोड मी लिहिते."

बटण राहिलं.

गेम बाजारात आला, बरा चालला. खेळणारे शेजारच्या सीटवरच्या त्या बुंदेली आवाजाचं कौतुक लिहितात. कुणी त्याला मामा म्हणतं, कुणी उस्ताद. ब्रेकविषयी कुणीही काही लिहीत नाही. नीट लागणाऱ्या ब्रेकची दखल कुणी घेत नाही, हे आता मला माहीत आहे.

गेममध्ये खरेपणा किती असावा, असं ऑफिसात नवे आलेले लोक मला विचारतात. मी सांगते, ब्रेक खरा असावा आणि शेजारची सीट रिकामी नसावी. पहिलं मला करता येतं. दुसऱ्यासाठी अजूनही तरुणला विचारावं लागतं, आणि ते मला मुळीच आवडत नाही.