खडकीचा कॅम्प की कंपनीची टीम

फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं, की चेंडू जाळीत गेला की ओरडायचं. तेसुद्धा कुठल्या जाळीत, ते शेजारच्याला विचारून. एकदा कंपनीतल्या आमच्या फोर्ज शॉपच्या, म्हणजे तापलं लोखंड ठोकायच्या खात्याच्या, टीमला एक माणूस कमी पडला, तर मला गोलकीपर म्हणून उभं केलं. आठ गोल झाले. एक अडवला, तोही तोंडानं. चार दिवस भाकरी चावता येईना. लोक विचारायचे, "काय राव, आज थोबाड कुठं ठेवून आलास?"

असल्या माणसाच्या घरात फुटबॉल खेळणारं पोरगं निघालं. आणि त्यानं कुठं शिकायचं, हे ठरवायची पाळी माझ्यावर आली.

मी कराडकडचा. शाळा बाहेरून बघितलेली, आतून न्हाई. बासष्ट साली पिंपरीला आलो, हेल्पर म्हणून लागलो, आणि तेव्हापासून जो दमलोय तो दमलोयच. शिफ्ट आठवड्याला बदलायची, झोप मात्र बदलायला तयार नसायची. फर्स्टला असलो की रात्री टक्क जागा, थर्डला असलो की हातोड्यासमोर उभ्या उभ्या डुलक्या. फोरमन म्हणायचा, "तुला पगार जागं राहायचा देत्यात." मी म्हणायचो, "साहेब, म्हणूनच तर परवडत न्हाई."

पोरगं कॉलनीच्या मैदानावर मोठ्या पोरांत घुसून खेळायला शिकलं. डाव्या पायाचं. लोक म्हणायचे, डावा पाय दुर्मिळ असतो. मी मनात म्हणायचो, आमच्या घरात दोन्ही पाय दुर्मिळच, माझे तर रोज संध्याकाळी सापडत न्हाईत.

ते दहावीला बसलं त्या उन्हाळ्यात दोन माणसं त्याच्या मागं लागली.

पहिला आमच्याच कंपनीतला टर्नर. केरळचा गडी. कंपनीची ज्युनिअर टीम तो बघायचा. एक दिवस सायकल स्टँडवर मला धरलं.

"भाऊ, तुझा मुलगा आपल्याला दे. बूट कंपनीचा, दूध कंपनीचा, दोन अंडा कंपनीचा. सोळा पूर्ण झाला की अप्रेंटिस. टीमचा मुलगा आधी घेतो, बाकी लाइन मागे."

"आणि खेळ?"

"खेळ रविवारी."

दुसरे खडकीच्या फुटबॉल कॅम्पचे सुभेदार. मिलिटरीतून रिटायर झालेले, साताऱ्याकडचेच. त्यांनी पोराला एका मॅचमध्ये बघितलेलं. दर साली वीस पोरं निवडायचे, दोन वर्षं तिथंच ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ फक्त फुटबॉल, मधल्या वेळात शाळा. तिथली पोरं पुढं राज्याच्या टीममध्ये जायची. अट एकच, आत घेताना सोळा पूर्ण झालेली नसावीत.

पोरगं माझ्याशी काही बोललं न्हाई. आईला म्हणालं, "मला खडकीला जायचंय." आई मला म्हणाली, "त्याला खडकीला जायचंय." मी म्हणालो, "ऐकू आलं, एकाच खोलीत राहतो आपण."

तरी आपण बाप. तपासून बघावं म्हणून पोराला घेऊन खडकीला गेलो. बघतो तर पोरं मैदानावर वाकून दगड वेचत होती. सुभेदार काठी घेऊन उभे.

मी विचारलं, "साहेब, खेळ कधी शिकवता?"

"आधी मैदान शिकवतो."

"दूध, अंडी?"

"जेवण आहे. साधं आहे."

"आणि नोकरी लागती का नंतर?"

"मी फुटबॉल शिकवतो. नोकरीचं ऑफिस पुण्यात आहे, तिथं नाव लिहा."

माणूस मला आवडला. का, ते सांगता येत न्हाई. कंपनीत सोळा वर्षांत मला इतकं सरळ कोनी बोललं नव्हतं. मग मॅच सुरू झाली, आमचं पोरगंही त्यात होतं. मी कडेच्या बाकावर बसलो, आणि बसलो म्हणजे संपलंच. जाग आली तेव्हा सुभेदार समोर उभे.

"तुमचा मुलगा पाऊण तास पळला. तुम्ही पाऊण तास झोपलात. दम दोघांचाही चांगला आहे."

पोरगं बाजूला मान खाली घालून उभं होतं.

कँटीनमध्ये प्रत्येकाचं मत होतं. बीडकडचा एक वेल्डर माझ्या ताटातली चटणी उचलत म्हणाला, "अरं, फुटबॉल खेळून कोन पोट भरतंय? कंपनीत टाक. अंडी तरी खाईल."

दुसरा म्हणाला, "कंपनीत टाकलं तर ह्याच्यासारखंच व्हईल ते."

"मग काय झालं?"

"काय न्हाई. तेच म्हणतोय."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. पन ते बोलणं मला लागलं. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "खडकी." जन्मात पहिल्यांदा मी एका शब्दात काहीतरी ठरवलं होतं. दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

तिसऱ्या दिवशी सुभेदारांनी शाळेचा दाखला मागितला. दिला. त्यांनी वाचला, बोटांवर मोजलं, परत वाचला.

"यात एक जूनला सोळा पूर्ण झालीत."

झाली असणार. कारण ती मीच पूर्ण केलेली.

त्याचं असं, तेव्हा आमी नदीपलीकडं, खेड तालुक्यातल्या एका गावात भाड्यानं राहत होतो. बायको खुरपणीला जायची, मी कंपनीत, पोराला बघायला कोन? शाळेत कोंडायचं, हा माझ्या डोक्यातला शहाणपणा. मास्तर म्हणाले, "सहा पूर्ण झालीत का?" मी म्हणालो, "कवाच." मास्तरांनी पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला सांगितलं. त्या वेळी वय मोजायचं तेच माप. हात कुठला पोचतोय, पाचसुद्धा भरली नव्हती. मी मागनं हळूच त्याचं डोकं वाकवलं आणि कोपर ढकललं. कानाला बोट लागलं. मास्तर हसले, त्यांनाही पट भरायचाच होता. तारीख ठाऊक नसलेल्या सगळ्या पोरांची लिहायचे तशी एक जून लिहिली, साल मागं ढकललं. पोरगं तिथंच दीड वर्षानं म्हातारं झालं. मी वाटेत त्याला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या, एवढा खूश.

सुभेदारांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "खोटं मी लिहिणार नाही. खरं वय कमी असेल तर तहसिलीत जाऊन प्रतिज्ञापत्र करा. शनिवारपर्यंत आणा, तोवर जागा ठेवतो."

ही बातमी टर्नरला कळायला एक पाळी लागली.

"भाऊ, तारीख बदलू नको. बदलली तर मुलगा साडेचौदाचा. कंपनीला सोळा पाहिजे. मग दीड वर्ष बाहेर, आणि तेव्हा मी असेन, नसेन. खडकी पाहिजे तर खडकी बोल, कंपनी पाहिजे तर कंपनी. दोन्ही बोटीत पाय ठेवू नको."

म्हणजे कागद खरा केला तर खेळ, खोटा ठेवला तर नोकरी. मी आयुष्यभर खोटं बोलून हसवत आलेला माणूस. खरं बोलायची पाळी आली तीसुद्धा स्टँपपेपरवर.

मंगळवारी रजा टाकून खेडला गेलो. कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन अर्ज लिहिणारे बसायचे. एकापुढं उकिडवा बसलो. सगळं सांगितलं. तो कागद मशीनमध्ये घालत म्हणाला, "बरं, मग खरी जन्मतारीख सांगा."

मी वर झाडाकडं बघितलं.

"अहो, तारीख."

"ती खोटी हाय एवढं नक्की सांगतो."

"ते झालं. खरी?"

"थंडी होती."

"कुणाला थंडी होती?"

"मला गावाहून पत्र आलं तेव्हा. पोरगं माहेरी झालं तिच्या, मी इथं ड्युटीवर."

"म्हणजे तुमाला पोरगं कधी झालं ते माहीत न्हाई."

"झालं एवढं माहीत हाय."

त्यानं कागद परत बाहेर काढला, सरळ केला आणि गठ्ठ्यात ठेवला. "काका, खोटी तारीख बिनचूक पाठ हाय आन् खरी येत न्हाई, असं गिऱ्हाईक पहिलंच. घरी जा. बायकोला विचारून या." शेजारचे दोघे अर्जवाले हसायला लागले. मीपण हसलो, सवयीनं. एसटीत बसलो तेव्हा मात्र हसू येईना.

घरी विचारलं. बायको भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमी पर्मनंट झालात त्याच्या आदल्या कार्तिकात. पुनवेच्या आधी दोन दिवस, पहाटं. पंधरा दिवसांनी बघायला आलात, आन् म्हणलात, ह्यातलं आपलं कुठलं? घरात एकच पोर होतं."

शेजारी एक क्लार्क राहायचे. त्यांनी कुठून तरी जुनं पंचांग मिळवलं आणि तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. ती मी शर्टाच्या खिशात ठेवली. आता फक्त परत खेडला जायचं राहिलं.

बुधवारी रजा मिळाली न्हाई. गुरुवारी मिळाली न्हाई. फोरमन म्हणाला, "शुक्रवारी दिवस मोकळा पाहिजे तर सेकंड करून लगेच थर्ड काढ, माणूस कमी हाय." काढल्या. सोळा तास लाल लोखंडासमोर उभा राहून शुक्रवारी सकाळी साडेसातला घरी आलो. बायको कामाला निघालेली, ती एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायची. मी पोराला म्हणालो, "नऊची गाडी हाय. जरा पाठ टेकतो. साडेआठला उठव."

डोळे उघडले तेव्हा ऊन मागच्या खिडकीतनं आत आलं होतं. मागच्या खिडकीत ऊन दुपारनंतर येतं, हे मला चांगलं माहीत होतं, तरी जरा वेळ मी सकाळच समजत राहिलो. पोरगं उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी ओवत होतं.

"किती वाजले?"

"चार."

"उठवलं का न्हाईस?"

"दोनदा आलो जवळ."

"मग?"

नाडी ओवायची थांबली. "तुमचे पाय सुजलेत," ते म्हणालं.

मी पायांकडं बघितलं. सुजले होते. रोजच सुजायचे, मी बघायचं सोडलं होतं.

"आत्ता निघालो तर?"

"कचेरी बंद व्हायच्या आत पोचत न्हाई तुमी."

मग मी त्याच्यावर ओरडलो. चूक आपली असली की माणूस जसा ओरडतो तसा, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा. तुझ्याच आयुष्याचा प्रश्न, तुला अक्कल न्हाई, बापाला उठवता येत न्हाई, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. नाडी पुरी केली आणि आत येऊन मला पाण्याचा तांब्या दिला. मी ओरडत ओरडत पाणी प्यालो, ठसका लागला, आणि ओरडणं तिथंच संपलं.

शनिवारी आमी दोघं सायकलवर खडकीला गेलो. सुभेदार टेबलाशी बसले होते, समोर एकोणीस पोरांचे कागद.

"आणलंत?"

अशा वेळी माझ्या तोंडात काही ना काही गंमत येते. त्या दिवशी आली न्हाई.

पोरगं पुढं झालं. "सर, दाखल्यावरचं वय बरोबर हाय. सोळाच. बाबांची गफलत झाली सांगताना."

सुभेदारांनी त्याच्या ओठाकडं बघितलं, मिसरूडसुद्धा नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवता आली असती. अजून दोन दिवस द्या म्हणून पाय धरता आले असते. मी दोन्ही केलं न्हाई. टर्नरची अंडी डोळ्यासमोर होती, पोराची पर्मनंट नोकरी होती, आणि खरं सांगतो, परत ती एसटी, तो झाडाखालचा माणूस, परत रजेसाठी फोरमनपुढं उभं राहणं, ह्याचा मला कंटाळा आला होता. पोराच्या नशिबाच्या आड बापाचा कंटाळा आला, हे कुठं सांगायचं?

"असं," सुभेदार म्हणाले. त्यांनी दाखला घडी करून परत दिला. मग पोराला म्हणाले, "बूट आणलेत ना? आज खेळून जा."

ते तासभर खेळलं. मी बाकावर न बसता कडेला उभा राहिलो, म्हणजे झोप लागायला नको. डावीकडनं ते पळत यायचं, चेंडू पायाला चिकटल्यासारखा, आणि दगड वेचलेल्या त्या मैदानावर त्याला कुठं अडखळायला होत नव्हतं. जाळी कुठली, ते मला त्या दिवशी कुणाला विचारावं लागलं न्हाई.

परतताना ते म्हणालं, "तुमी मागं बसा." मी कॅरियरवर बसलो. ते पायडल मारत होतं, पाठीला घाम आलेला. मला त्याला विचारायचं होतं, तू खरंच माझे पाय बघून मला झोपू दिलंस, का माझ्यावर विसंबणं सोडलंस. दापोडीचा पूल येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. पुलाच्या पुढं रस्ता वर जातो. त्याला दम लागला.

"बाबा, उतरा," ते म्हणालं, "चढ हाय."

मी उतरलो आणि त्याच्या मागनं चालायला लागलो.