उजवा हात

माझे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीच्या बाईंनीही सोडून दिले होते. हे कुणी वाचायचे नाही, तरी माफी मागून ठेवते.

माझा धाकटा दीर दोन वर्षे विलायतेत होता. इथल्या एका गिरणीने त्याला यंत्राचे काम शिकायला पाठवले होते. परत आला तो डोक्यावर हॅट घालून आणि तोंडात सायकलीच्या गोष्टी घेऊन. तिकडे तो रोज सायकलने कामावर जाई. तिकडचा मोटारवाला म्हणे सायकलवाल्याच्या मागे मुकाट चालतो, भोंगा वाजवणे म्हणजे शिवी दिल्यासारखे समजतो. वळायचे असले की सायकलवाल्याने हात बाहेर काढायचा, मागची मोटार आपोआप हळू होते. आमच्याकडे ट्रकवाला अर्ध्या कोसावरून भोंगा धरतो आणि सायकलवाला बाभळीच्या काट्यांत जाईपर्यंत सोडत नाही. सासरे म्हणत, "म्हणून तर पंक्चरवाल्यांची पोटं भरतात."

त्याच्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीचे स्थळ मीच सुचवले होते. सासरी मी कधी काही सुचवलेले हे पहिलेच, म्हणून जीव टांगणीला लागला होता. बहीण माझ्या घरी जाऊ म्हणून आली, तर मला बोलायला कुणी तरी मिळणार होते.

मुलगी पाहायला माझ्या माहेरी, असोद्याला जायचे ठरले. बाकी सगळे सकाळीच बैलगाडीने निघाले. दीर म्हणाला, मी सायकलनेच येणार. सासूबाईंनी लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू त्याच्या मागे बस. एकटा सोडला तर वाटेत भाषण देत उभा राहील."

मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून कॅरिअरवर बसले. जळगाव मागे पडले. फाट्यावर आम्हाला उजवीकडे वळायचे होते. मागून एस.टी.ची मोटार येत होती. दिराने विलायतेसारखा उजवा हात सरळ बाहेर काढला.

आमच्याकडे रस्त्यावर हात बाहेर काढला की त्याचा अर्थ एकच. मोटार आमच्याजवळ येऊन थांबली. दार उघडून कंडक्टर म्हणाला, "चढा भाऊ, जागा शे."

कंडक्टर धुळ्याकडचा होता. दिराने त्याला शांतपणे समजावले की आम्ही फक्त वळत आहोत. कंडक्टर म्हणाला, मोटारपण तिकडेच वळते. तोवर त्याने सायकल उचलून टपावर चढवलीसुद्धा. खिडक्या-खिडक्यांतून माणसे माझ्याकडे बघत होती. मला कुठे तरी लपायचे होते, आणि लपायला समोर मोटारच होती. एका म्हातारीने सरकून जागा दिली, मी डबा घेऊन बसले. मी बसल्यावर दिराला चढावेच लागले.

त्याच्या खिशात विलायतेचे एक नाणे तेवढे निघाले. ते कंडक्टरने उलटसुलट करून परत दिले. माणसांचे आणि सायकलीचे मिळून दहा आणे झाले होते. ते त्याने स्वतःच्या खिशातून घातले आणि तिकिटे फाडली.

असोद्याला पारावर माझे वडील चार माणसांत उभे होते. टपावरून सायकल खाली देताना कंडक्टरने सगळ्यांदेखत आठवण करून दिली, "भाऊ, पैसा भुलू नका."

मुलगी पसंत पडली. पण सुपारी फोडायची वेळ आली तेव्हा वडिलांनी ती अडकित्त्यातून काढून परत पानदानात ठेवली. म्हणाले, "पहिले त्या कंडक्टरचे पैसे त्याच्या हातात द्या, मंग सुपारी फोडू. गाव हसून राह्यलं, फुकट्या जावई आला म्हणून."

परत येताना दीर बैलगाडीत बसला, सायकल मागे बांधली. मग म्हणाला, "वहिनी, तिकडचा मोटारवाला सायकलवाल्याला वाट देतो. आपला त्याला मोटारीतच घेतो."

दहा आणे देणे सोपे वाटले होते. स्टँडवर गेला तर तो कंडक्टर कधी यावलला गेलेला, कधी फैजपूरला. तिथला कारकून नवे तिकीट फाडल्याशिवाय पैसे घेईना. म्हणून दीर सुटीच्या दिवशी सायकल घेऊन फाट्यावर उभा राहू लागला. मोटार आली की हात बाहेर काढी.

तोवर ड्रायव्हर लोकांत बातमी पसरली होती. हॅटवाले साहेब हात काढतात ते वळायला काढतात, त्यांना मोटारीत घ्यायचे नाही. मग काय, मोटार हळू होई, ड्रायव्हर अदबीने वाट पाही, साहेब वळत नाहीत असे दिसले की सलाम करून निघून जाई. दीर मागे ओरडत राही. एकदा सायकल घरी ठेवून गेला, तर हॅटवरून ओळखले. हॅट काढ म्हणावे, तर उन्हाचे कारण सांगे.

"झाली आपली विलायत," सासरे म्हणाले. "आता भोग."

पानदानातली सुपारी तशीच होती. बहिणीला दुसरे स्थळ सांगून आले आहे असा निरोप आला, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी दिराला म्हटले, भाऊजी, मला फाट्यावर घेऊन चला.

त्याला सायकलीसकट बाभळीमागे उभे केले. मी रस्त्याच्या कडेला आले. परक्या पुरुषांपुढे मी कधी मान वर केली नव्हती, हात तर दूरच. मोटारीची धूळ दिसली. डोळे मिटून घेतले आणि हात वर केला.

मोटार थांबली. "चढा अक्का," आवाज त्या कंडक्टरचाच होता. मी मूठ उघडली. घामाने ओले झालेले दहा आणे तळहाताला चिकटले होते. तेवढ्यात बाभळीमागून हॅट बाहेर आली.

ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढले. "आमले वाटे, साहेब वळी राहिनात."

इतके दिवस त्याला साहेब वळताहेत असेच वाटत होते. सगळी मोटार हसली. दीरही हसला, आणि पदराआडून मीही. कंडक्टरने पैसे मोजले, पिशवीत न टाकता स्वतःच्या खिशात घातले आणि म्हणाला, "बठ्ठा पैसा फिटना, अक्का." सगळे पैसे फिटले, आता पानदानातली सुपारी फुटणार होती.