हक्कसोडीचा मोबदला

कर्ज फेडणं खरोखरच हाताबाहेर गेलं, तर माणूस कोर्टात तसा अर्ज करू शकतो आणि कोर्टाने त्याला नादार ठरवलं की वसुलीचा तगादा थांबतो, हे आमच्या भागात फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही एलएलबीच्या वर्गात बसेपर्यंत नव्हतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सुप्याच्या कारखान्यात हेल्परचं काम करून भावाने माझी फी भरली. म्हणून नगरच्या कोर्टात न्यायाधीशांची सहायक म्हणून मला टेबल मिळालं, तेव्हा त्या टेबलावर त्याचाही हक्क आहे असंच मला वाटलं.

त्या टेबलावर वर्षभराने कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली आली. प्रायोगिक म्हणून, आणि फक्त नादारीच्या प्रकरणांपुरती. फाईल स्कॅन करून दिली की ती थोडक्यात सारांश काढायची आणि शेवटी न्यायाधीशांनी विचारावेत असे प्रश्न सुचवायची. निकाल सुचवायचा नाही, असा तिला नियमच होता. मूळ कागदांशी सारांश ताडून पाहायचा आणि कडेला शेरा लिहायचा, हे माझं काम. पूर्वी एखादी तारीख विचारायला कुणी ना कुणी माझ्या टेबलापाशी यायचं, दोन शब्द बोलायचं. हळूहळू ते थांबलं. दुपारी डबा उघडला की शिपाईमामा तेवढे दारातून म्हणायचे, "काय म्याडम, आज यंत्र जेवलं का न्हाई?" मी हसायची. दिवसातलं माझं बोलणं बऱ्याचदा तेवढंच असायचं. संध्याकाळी खोलीवर गेलं की तेही नाही.

अशातच एका बाईंची फाईल आली. सुप्यात त्या आणि त्यांचे यजमान कामगारांसाठी खानावळ चालवायचे. यजमान वारले. पाठोपाठ एक ठेकेदार कित्येक महिन्यांचं बिल बुडवून माणसांसकट निघून गेला. पतसंस्थेचं कर्ज बाईंच्या नावावर राहिलं. फाईल मी आधी स्वतः वाचली. कागद नीट होते, बाई खऱ्या वाटत होत्या.

यंत्राच्या सारांशात शेवटी एक प्रश्न होता. अर्जाच्या आदल्या वर्षी अर्जदाराने वडिलांच्या श्रीगोंद्याकडच्या बागायत जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे विनामोबदला सोडला आहे. त्यामागे घेणेकऱ्यांपासून मालमत्ता वाचवण्याचा हेतू होता का?

मला रागच आला. हक्कसोडपत्र मीही वाचलं होतं, पण त्यात विचारण्यासारखं काही असतं हे डोक्यातच आलं नाही. वडील गेले की बहिणी हक्कसोड करतात. मीही केलं आहे. पारनेरला नोंदणीच्या कार्यालयात सही केली, भावाने साडी घेतली, वहिनीने पुरणपोळी केली. मी कडेला शेरा लिहिला: "प्रथेनुसार. संशयाचे कारण नाही."

न्यायाधीश साहेबांनी बोलावून घेतलं. ते कधी आवाज चढवत नाहीत.

"हे 'संशयाचे कारण नाही' कुणी ठरवलं?"

"साहेब, आपल्याकडे सगळ्याच बहिणी—"

"माझ्याही बहिणींनी केलंय. पण यंत्राने आरोप केलेला नाही, प्रश्न विचारलाय. उत्तर त्या बाईंनी द्यायचं. तुम्ही नाही, आणि मीही नाही."

सुनावणीला बाई पदर खांद्यावरून घेऊन उभ्या राहिल्या. सोबत भाऊ आला होता. काम झालं की तो त्यांना आठ दिवस माहेरी नेणार होता. पायाशी कपड्यांची पिशवी होती.

"हिस्सा सोडला तेव्हा तुमच्यावर कर्ज होतं?" साहेबांनी विचारलं.

"हुतं की. पन ते माझं हुतं साहेब. भावाचं न्हवतं."

"मग हिस्सा का सोडलात?"

"सगळ्याच सोडत्यात. मीच एकली न्हाई म्हनू का?"

"मोबदल्यात काय मिळालं?"

"साडी. आन् जेवान." मागे कुणीतरी हसलं. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. "आन् जायला-यायला जागा ऱ्हाती."

पतसंस्थेच्या वकिलांनी कायदा वाचून दाखवला. अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता परत घेता येते. ते बरोबरच होतं. बाई नादार ठरल्या आणि पुढे त्यांची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या अर्जावर हक्कसोडपत्रही रद्द झालं. बाईंनी फसवणूक केल्याचं दिसत नाही, असं साहेबांनी निकालात मुद्दाम लिहिलं. तरी हिस्सा विकून घेणेकऱ्यांना द्यायचा होता. कायद्याने दुसरं काही करता आलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या निकालाच्या दिवशीही बाईंनी पिशवी आणली होती. बाहेर झाडाखाली भाऊ मोटारसायकलवर बसूनच बोलला.

"आक्का, तू सुप्यालाच जा. मला कारखान्यावर उसाचं काम हाय."

"बरं. पोरांला खाऊ तरी ने."

"ऱ्हाऊ दे."

तो गेला. मी निकालाची प्रत द्यायला बाहेर आले होते. बाई कट्ट्यावर बसल्या, मीही शेजारी टेकले.

"त्याला काम न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "ऊस कवाच तुटून गेलाय." मग म्हणाल्या, "तुमाला भाऊ हाय?"

"आहे."

"सही केली?"

"केली."

"बरं केलं." त्यांनी प्रतीची घडी घालून पिशवीत सारली. "आता वसुलीवाले दारात येनार न्हाईत ना?"

"नाही येणार."

"मंग कोनीच येनार न्हाई," असं म्हणून त्या उठल्या आणि रिक्षा न करता स्टँडकडे चालत गेल्या.

तो प्रश्न यंत्राने विचारला नसता, तर फाईल माझ्या हातून तशीच पुढे गेली असती. पतसंस्थेत पैसे ठेवणारीही आमच्यासारखीच माणसं असतात, म्हणून तसं होणं योग्य नव्हतं, हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. ते खरंही आहे. त्याने मन शांत होत नाही.

शनिवारी मी भावाला फोन केला. "उद्या येऊ का रे घरी?"

"इचारती काय? ये की," तो म्हणाला.

याआधी मी कधी विचारून गेले नव्हते.