एका बोटाची जागा

टोमॅटोची मला पहिल्यापासून किळस आहे. फळाची नाही, झाडाची. पानाला हात लागला की तळव्यावर हिरवट काळा थर बसतो आणि त्याचा वास नाकातून जाता जात नाही. शिवाय आम्ही निफाडकडचे द्राक्षवाले. आमच्या घरात टोमॅटो म्हणजे फालतू पीक.

तरी वहिनीने हट्टाने दहा गुंठे टोमॅटोसाठी मागून घेतले. वडील एकाच हंगामापुरते कबूल झाले. जमलं नाही तर तिथे पुन्हा द्राक्षबाग. बांधणीला माणसं मिळेनात, म्हणून एका रविवारी मी नाशिकहून गेलो. बांबू रोवलेले होते, तारा ओढलेल्या होत्या. फक्त सुतळीने झाडं बांधायची होती.

वहिनीने एकदा करून दाखवलं. खोड आणि सुतळीच्या मध्ये आपलं बोट धरायचं, गाठ मारायची, मग बोट काढून घ्यायचं. तेवढ्या जागेत खोड पोसतं. मी म्हटलं, मला काय शिकवता, लहानपणापासून द्राक्षाच्या काड्याच बांधतोय. ती दुसऱ्या टोकाला गेली. दोन झाडांतच मला शिसारी आली. बोट आत घातलं की ते लवदार, चिकट खोड त्याला घासायचं. शी! मग बोट घालणंच सोडलं. द्राक्षाची काडी तारेला आवळतात तशा गाठी आवळत सुटलो. निम्म्या ओळी उरकल्या आणि साबणाने तीनदा हात धुतले.

महिन्याने पुन्हा गेलो. मधल्या पावसाने सुतळी आणखी आवळली होती. माझ्या ओळींतली झाडं गाठीपाशी कापली जाऊन लोंबत होती. खोडं बुळबुळीत झालेली, हिरवी फळं चिखलात सडलेली, त्यांत अळ्या वळवळत होत्या. मी नाकाला रुमाल लावून मागे सरलो. वहिनीच्या ओळी मात्र ताठ उभ्या होत्या.

वडील बांधावरूनच म्हणाले की टोमॅटोची हौस फिटली, आता बाग लावू. चूक माझी होती, हे सांगायला हवं होतं. मी बुटाला लागलेला चिखल गवतावर पुसत राहिलो.

वडील गेल्यावर वहिनी विळ्याने माझ्या गाठी कापायला बसली. वर न बघता म्हणाली, "तुम्ही बोट घालत नव्हते, मी तवाच पाह्यलं हुतं भाऊ. म्हटलं, दीर हाय, कसं बोलावं."

तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते. माझे स्वच्छ होते, आणि मला त्यांचीच किळस आली.