भाऊजींची उजवी रिंक

आमच्या भाऊजींइतका सपाट जमिनीवर जीव टाकणारा माणूस सगळ्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम देऊळगाव राजा. लोक जमिनीवर जीव टाकतात ते तिच्यात काही पिकतं म्हणून, नाहीतर तिला भाव येतो म्हणून. भाऊजींना यातलं काही नको. ती कुठे कलू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. सदऱ्याच्या खिशात सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा कायम असतो. कुणाकडे गेले की पाण्याचा तांब्या यायच्या आत तो छर्रा फरशीवर ठेवतात आणि कुठे जातो ते बघत बसतात. बँकेत, दवाखान्यात, मंगल कार्यालयात, कुठेही. एकदा एका भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही जालन्याला गेलो होतो. मुलगा चांगला, माणसं चांगली, पोहे चांगले. मुलाचे वडील शेतीबद्दल सांगत असताना छर्रा घरंगळत सोफ्याखाली गेला आणि त्याच्या मागोमाग भाऊजी गेले. बाहेर पडल्यावर त्यांनी मत दिलं, "घर पूर्वेले कललं हाय. पोरगी सुखात राहील, पण कढई नीट बसाची नाही." लग्न झालं. कढईचं मी अजून विचारलेलं नाही.

या वेडाचं मूळ त्यांच्या घरामागच्या जागेत आहे. तिथे त्यांनी ऐन उमेदीत स्केटिंगची रिंक बांधली होती. ती कधीच बंद पडली, पण "बंद" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "बंद कोनं केली? लोकं येऊन नाही राह्यले, एवढंच," असं ते म्हणत. लोक येईनासे होऊन एक पिढी उलटली, तरी परवापरवापर्यंत ते रोज सकाळी रिंक झाडत, कारण कुणी आलंच तर काय घ्या. आणि गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तिथला कोबा फोडून दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. जागा भाऊजींच्या नावावर. त्यांच्या होकाराशिवाय कुदळ लागणार नव्हती, आणि ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

रिंकचा इतिहास भाऊजींकडून ऐकायचा तर अर्धा दिवस हाताशी हवा. मी थोडक्यात सांगते. भाऊजींचं हार्डवेअरचं दुकान. माल आणायला म्हणून ते इंदूरला गेले, आणि तिथे कुठल्याशा हॉलमध्ये त्यांनी चाकाचे जोडे घालून गोल फिरणारी माणसं पाहिली. माणूस पाय न उचलता पुढे जातो, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली ती बसलीच. ताई दुकानात नळाच्या तोट्यांची वाट बघत होती. भाऊजी दोन पोती घेऊन उतरले, आणि पोती उघडली तर आत चाकं. ताईने विचारलं, "आन तोट्या?" भाऊजी म्हणाले, "तोट्या कुठीबी भेटतात."

मग कोबा. फरशीला सांधे येतात आणि सांध्यात चाक अडतं, म्हणून एकसंध कोबा हवा होता. त्यासाठी जालन्याहून गवंडी आणले. कोबा घोटून घोटून असा केला की वर वाकलं तर स्वतःची हनुवटी दिसावी. तो सुकेपर्यंत भाऊजी कडेला खाट टाकून पहाऱ्याला बसले. कावळ्यांना हाकलले, वाऱ्याने उडून येणारी पानं काठीने वरच्या वर अडवली, आणि नेमके जेवायला गेले तेव्हा मांजर चालून गेलं. मांजराची ती पावलं कोब्यात तशीच राहिली. गवंडी म्हणाला बुजवून देतो. भाऊजी म्हणाले, "राहू दे. पहिलं गिऱ्हाईक हाय."

घोटाळा झाला तो उद्घाटनाला. देऊळगाव हे बालाजीचं गाव, पूजेशिवाय इथे शटरही उघडत नाही. भाऊजींनी गुरुजी बोलावले आणि रिंकच्या बरोबर मधोमध कलश मांडून यथासांग पूजा घातली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि भाऊजींनी सगळ्यांना चाकं बांधायला सांगितलं, तर एकही माणूस पुढे येईना. सगळ्यांनी चपला कडेला काढून ठेवलेल्या आणि हात जोडलेले. एक म्हातारे पुढे होऊन म्हणाले, "पूजेच्या जागेवर जोडे घालून कसं फिराचं, शेठ?" भाऊजींनी समजावलं की पूजा आता झाली. म्हातारे म्हणाले, झाली म्हणूनच. पुढे कित्येक दिवस लोक येत, अनवाणी पायांनी त्या गुळगुळीत कोब्यावरून फिरत, गार वाटतं म्हणत आणि घरी जात. पोत्यातली चाकं पोत्यात.

शेवटी दसऱ्याला भाऊजींनी तोड काढली. त्या दिवशी सगळं गाव मोटारसायकली, ट्रॅक्टर धुऊन हार घालतं. भाऊजींनी सगळे स्केट्स ओळीने मांडले, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल खोचलं, पुढे लिंबू-मिरची बांधली आणि जाहीर केलं की हे जोडे नसून वाहन आहे. वाहनाला कोण हरकत घेणार? पण गुरुजींनी जाता जाता एक पाचर मारलीच. कलशाची जागा मधोमध, तेव्हा फिरायचं ते देव उजव्या हाताला ठेवून. जगभर स्केटिंगवाले डाव्या अंगाने फिरतात हे भाऊजी इंदूरला बघून आले होते. पण इंदूर लांब आणि गुरुजी गल्लीत. देऊळगावची रिंक प्रदक्षिणेच्या दिशेने फिरू लागली, आणि उलटं फिरणाऱ्याला भाऊजी शिटी वाजवून बाहेर काढू लागले.

याचं फळ नागपूरला मिळालं. आमच्याकडची एक मुलगी इतकी चांगली फिरायला लागली की भाऊजी तिला, तिच्या आईवडिलांना आणि दशम्यांचा डबा घेऊन नागपूरच्या स्पर्धेला गेले. इशारा झाला, सगळी पोरं डावीकडे सुटली आणि आमची उजवीकडे. अर्ध्या वाटेत सगळं नागपूर समोरून आलं. तीसुद्धा हटली नाही, हे भाऊजी आजही अभिमानाने सांगतात. कुणाचे गुडघे फुटले, कुणाचे दात हलले, आणि भाऊजी पंचांना सांगत होते, "साहेब, उलटे तुमचे फिरून राह्यले."

रिंक जोरात होती त्या वर्षांत त्यांनी माणसं ओळखायची स्वतःची रीत बसवली. माणूस कसा पडतो यावरून तो कसा आहे ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. पडताना शेजारच्याला धरतो त्याला उधारी देऊ नये. पडल्यावर आधी इकडेतिकडे बघतो तो पुढारी होतो. आणि जो कधीच पडत नाही, कारण कडेचा कठडाच सोडत नाही, तो "कठड्याचा माणूस". ही त्यांच्या कोशातली सगळ्यात मोठी शिवी. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला चाकं बांधून आत ढकललं होतं. तो आपटला, हसला आणि पुन्हा उभा राहिला. "चालते," भाऊजी म्हणाले. स्वतः भाऊजींनी मात्र आयुष्यात एकदाही पायाला चाक बांधलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हलवाई पेढे खाते का?"

मग घरोघरी टीव्ही आले, क्रिकेट आलं, चाकं झिजली, आणि इंदूरचा माल महाग झाला. हळूहळू कोणी येईना. काही वर्षं तिथे लग्नं झाली, पण वऱ्हाडाने चपला बाहेर काढायच्या अशी अट होती, आणि एका लग्नात नवरदेवाचे कोरे बूट चोरीला गेल्यावर तेही थांबलं. एका हंगामात सोयाबीन वाळवायला कुणी जागा मागितली. भाऊजी कबूल झाले आणि रोज स्वतः दाणे चाळत बसले, खडा राहिला तर कोब्यावर ओरखडा येईल म्हणून. सोयाबीनवाल्याला आयताच निवडलेला माल मिळाला.

तर गाळ्यांचं ते सुरू झालं आणि ताईचा मला फोन आला. "तू ये एकडाव. माह्यं ऐकत नाहीत, पोराचं ऐकत नाहीत. तुले भेतात." बुलडाण्यात मी मेस चालवते. कॉलेजची पोरं माझ्या हाताखाली जेवून सरळ होतात, त्यामुळे मला लोक भितात ही गोष्ट खरी आहे. सकाळचा स्वयंपाक उरकून एसटी धरली आणि दुपारी पोचले.

भाऊजी रिंकवर खुर्ची टाकून बसले होते. खुर्चीच्या चारही पायांना जुने मोजे घातलेले. मी चप्पल बाहेर काढली, कारण भांडायला आल्यावर आधीच एका मुद्द्यावर हरायचं नसतं.

"भाऊजी, पोराले हो म्हना," मी म्हटलं.

"तुले बोलावलं वाटते तुह्या बहिणीनं."

"हाव. इथं काय उरलं आता?"

"मी उरलो ना."

"तुम्ही घरातबी बसू शकता."

त्यांनी खुर्चीच्या एका पायाचा सरकलेला मोजा वर ओढला. मग म्हणाले, "तुले सांगू? परवा एक मास्तर आला दुकानात. त्याले सांगितलं, इथं रिंक होती. तो हसला. मंग त्याले इथं आणून कोबा दाखवला, तवा मानलं त्यानं. हा कोबा हाय तवर मी खरा हाय. कोबा गेला का मी गप्पा मारनारा म्हातारा."

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आताबी गप्पा मारनारे म्हातारेच हाव. कोबा दाखवाले किती जनाले आणता? वर्षातून एकाले?"

आतल्या दारात उभ्या असलेल्या ताईने कपाळाला हात लावला. भाऊजी हसले, अगदी खांदे हलेपर्यंत. "त्यालेबी चहा पाजून आणा लागते," ते म्हणाले. थोड्या वेळाने ताईला हाक मारून म्हणाले, "पोराले म्हना, फोड. पन त्या दिवशी मी गावात राहनार नाही."

कोबा फोडला त्या दिवशी भाऊजी माझ्या मेसमध्ये येऊन बसले. दोनदा जेवले, पोळ्या जाड झाल्या म्हणाले, आणि वाढप चालू असताना समोरच्या पोरांना इंदूरपासून सगळं सांगितलं. पोरं आदबीने ऐकत होती. हात धुताना त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "मावशी, काकांची तब्येत बरी हाय ना?" मी त्याला म्हटलं, आमटी घे अजून.

गाळे झाले, भाड्याने गेले. यंदा मी ताईकडे गेले तेव्हा भाऊजी गाळ्यांपुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मीही चहा घेऊन शेजारी टेकले. मोबाईलच्या दुकानातून एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी बाहेर आल्या. बाई चाळिशीची असेल. ओळखीची नव्हती. चालता चालता थांबली आणि पायाखाली बघून मुलीला म्हणाली, "इथंच पडली होती मी. हे हनुवटीवर दिसते ना, ते इथलं."

"दुकानात?"

"दुकान कुठी होतं तवा. स्केटिंग होतं इथं. चाकं लावून फिराचो आम्ही."

"देऊळगावात? काहीबी नको सांगू मम्मी."

"काहीबी काऊन? एक काका होते, त्यांचंच होतं. लय खेकसायचे. नसतील आता."

काका दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी कप खाली ठेवला आणि बोलणार तेवढ्यात भाऊजींनी माझ्या मनगटावर बोट टेकवलं. बाई दाखवत होती ती जागा तर कधी रिंकमध्ये नव्हतीच, तिथे पूर्वी गटार होतं. तेही त्यांनी सांगितलं नाही.

"मंग लागलं नाही तुला?" मुलीने विचारलं.

"लागलं ना. टाके पडले. ते सुकले न सुकले तोच परत आली." बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. "हे पाह्य, पाय असा. मांग नाही टाकाचा, बाजूले टाकाचा. धर माह्या हाताले."

मुलीने चपलेवरूनच पाय बाजूला सरकवून बघितला. भाऊजी उठले आणि आपली खुर्ची उचलून मागे भिंतीशी नेऊन ठेवली. त्या दोघींना जागा कमी पडत होती.